हत्तियां का झाड आणि अंबाडीची जुडी

माझी नात नऊ वर्षांची. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या सेंट पॉल शहरात राहते आणि दोन वर्षांनी एकदा, जूनमध्ये, आमच्या काचीगुड्याच्या घरी येते. आली की दोन दिवस नुसती झोपते आणि तिसऱ्या दिवसापासून पिशवी घेऊन माझ्यामागं बाजारात. यंदा भाजीवालीच्या टोपलीपाशी ती अशी काही थबकली, की मागून येणारी स्कूटर थांबली. लाल देठांची एक जुडी तिनं उचलली, पान खुडलं आणि सरळ तोंडात टाकलं. डोळे बारीक करून म्हणाली, "आबा, ही तर आमच्या खालच्या आजीची भाजी!"

"गोंगूरा है बेटा," भाजीवाली म्हणाली, "कच्चा नक्को खा."

मी म्हटलं, अगं, ही अंबाडी. तुझी आजी हिची भाकरीबरोबर भाजी करते, वरून लसणाची फोडणी घालून. पण पोरगी ऐकेना. खालच्या आजीचीच.

ही खालची आजी म्हणजे त्यांच्या इमारतीत तळमजल्यावर राहणारी एक करेन बाई. ब्रह्मदेशाच्या पूर्वेला, थायलंडच्या सरहद्दीलगत डोंगररांगा आहेत, तिथले हे करेन लोक. 1949 साली त्यांची तिथल्या सरकारशी लढाई सुरू झाली आणि ती मिटायचं नाव घेत नाही. 1984 पासून सरहद्दीपलीकडं थायलंडात छावण्या उभ्या राहिल्या. बांबूच्या झोपड्यांत मुलं जन्मली, मोठी झाली, त्यांना मुलं झाली. पुढं 2005 च्या आसपास अमेरिकेनं त्यांतल्या हजारोंना घ्यायला सुरुवात केली आणि सेंट पॉलमध्ये त्यांची मोठी वस्ती झाली. ही आजी त्यांतली, ऐंशी ओलांडलेली. तिला इंग्रजी येत नाही, नातीला करेन येत नाही. दोघींची दोस्ती वाफ्यातल्या अंबाडीवर. आजी पान खुडून देते, ही खाऊन तोंड वाकडं करते, दोघी हसतात. बर्मी भाषेत या भाजीला चिन-बाउंग म्हणतात आणि त्यातल्या 'चिन'चा अर्थच आंबट.

"पण आबा, तिच्या झाडांना फुलंच येत नाहीत. ती रागावते झाडांवर. दर वर्षी कुठून तरी बी मागवते."

आता मी जन्मभर शाळेत जीवशास्त्र शिकवलेला माणूस. असा प्रश्न रस्त्यात पडलेला दिसला की मला पुढं जाववत नाही. बाजूच्या दुकानाच्या पायरीवर बसलो.

"अंबाडी रात्र मोजते," मी म्हटलं.

"मोजते?"

"हौ. पानात फायटोक्रोम नावाचं एक रंगद्रव्य असतं. उजेडात त्याचं एक रूप, अंधार पडला की ते हळूहळू दुसऱ्या रूपात जातं. झाडाच्या आत स्वतःचं घड्याळही असतं. त्या दोघांचा मेळ घालून झाडाला कळतं, आजची रात्र किती लांब होती. रात्री पुरेशा मोठ्या झाल्या, साधारण बारा तासांच्या आसपास आल्या, की अंबाडी म्हणते, चला, आता फुलायला हरकत नाही. आपलं हैदराबाद विषुववृत्तापासून 17 अंशांवर. इथं जूनमधला सगळ्यात मोठा दिवसही तेरा तासांच्या फार पुढं जात नाही. भाद्रपद-आश्विनापर्यंत रात्री लांबल्या, की फुलं येतात, मग लाल बोंडं. तुमचं सेंट पॉल 45 अंशांवर. जूनमध्ये तिथं दिवस किती मोठा असतो?"

"झोपायच्या वेळी ऊन असतं. आई पडदे लावते."

"साडेपंधरा तास. अंबाडी वाट बघत राहते. रात्र बारा तासांची व्हायला तिकडं सप्टेंबरचा शेवट उजाडतो. तेव्हा कुठं ती कळ्या धरायच्या विचारात येते, आणि लगेच हिव पडतं. बी धरायच्या आत झाड काळं पडून जातं. आजीनं रागवावं असं झाडानं काही केलेलं नाही. ते अजून गावाकडचीच रात्र मोजतंय."

ती बराच वेळ जुडीकडं बघत राहिली. मग म्हणाली, "आजी पण रात्री जागी असते. तिच्या खिडकीत दिवा असतो."

यावर मी काही बोललो नाही. जुडी पिशवीत टाकली आणि म्हटलं, उद्या पहाटे उठशील तर तुला तुझ्या खालच्या आजीसारखी आणखी एक आजी दाखवतो. आफ्रिकेतून आली. चारशे वर्षं झाली, आपल्या गोवळकोंड्यात राहते.

"तिला हैदराबादी बोलता येतं?"

"तिच्यासारखं कुणालाच येत नाही."

गोवळकोंड्याच्या मोठ्या किल्ल्यात सगळे जातात. दाराच्या घुमटाखाली टाळी वाजवायची, ती वर बालाहिसारपर्यंत ऐकू जाते का बघायचं आणि घामाघूम होऊन खाली यायचं. नया किल्ला त्याच्या ईशान्येला, त्याच तटाला जोडून पुढं काढलेला. तिकडं फारसं कुणी फिरकत नाही. बाजूला आता गोल्फचं मैदान झालंय. वाट तटबंदीच्या कडेकडेनं जाते, दगडांत सीताफळीची झुडपं, आणि एका वळणानंतर ते एकदम समोर येतं.

नात थांबली. माझा हात घट्ट धरला.

पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते झाड वाटतच नाही. हत्तींचा कळप एकमेकांना चिकटून उभा आहे आणि सगळ्यांनी मिळून सोंडा वर केल्या आहेत, असं वाटतं. साल राखाडी, गुळगुळीत, आणि जिथं फांद्या फुटतात तिथं हत्तीच्या पायाला गुडघ्यापाशी पडतात तशा वळ्या. इथले लोक त्याला 'हत्तियां का झाड' म्हणतात ते उगीच नाही. बुंध्याचा घेर सुमारे 27 मीटर. नातीच्या वयाच्या वीस-एकवीस पोरांनी हाताला हात लावला, तर कशीबशी मिठी बसेल.

जगभर याला बाओबाब म्हणतात. आपल्या मराठीत गोरखचिंच, कारण गोरखनाथांनी या झाडाखाली शिष्यांना उपदेश केला अशी समजूत. गुजरातीत रूखडो, मांडूला गेलात तर खुरासानी इमली. वसईच्या किल्ल्याजवळ ही झाडं आहेत, मुंबईतही जुनी झाडं आहेत, आणि त्यांच्याजवळून रोज जाणाऱ्या निम्म्या माणसांना हे झाड आपल्या देशचं नाही याचा पत्ता नसतो. परदेशी माणसाला तीन पिढ्या राहूनही गल्लीत नाव मिळत नाही. या झाडाला नाथपंथाची दीक्षा मिळाली.

आणलं कुणी? इथं सांगतात ते असं: 1591 मध्ये हैदराबाद वसवणारा महंमद कुली कुतुबशहा, त्याच्या काळात अरब व्यापाऱ्यांनी हे रोप नजराणा म्हणून दिलं. असेलही. म्हणजे 1677 साली शिवाजी महाराज कुतुबशाहीच्या तानाशहाला भेटायला भागानगरात, म्हणजे इथंच हैदराबादेत, आले, तेव्हा हे झाड चांगलं अंगापिंडानं भरलेलं असणार. दहा वर्षांनी औरंगजेबानं किल्ल्याला आठ महिने वेढा घातला, तेव्हाही ते इथंच होतं. कुतुबशाही बुडाली, मोगल आले, निजाम आले, तेही गेले.

पण नजराण्याच्या गोष्टीत सगळं येत नाही. हरिप्रिया रंगन आणि कॅरन बेल या दोघींनी भारतातल्या बाओबाबांची जनुकं आफ्रिकेतल्या झाडांशी ताडून पाहिली. 2015 मध्ये त्यांचं काम छापून आलं. निघालं असं, की ही झाडं एकदाच, एकाच गावाहून आलेली नाहीत. वेगवेगळ्या काळात, आफ्रिकेच्या वेगवेगळ्या किनाऱ्यांवरून पुन्हा पुन्हा आली. आणि आफ्रिकेतून भारतात पुन्हा पुन्हा कोण येत होतं? हबशी. सैनिक म्हणून, गुलाम म्हणून, खलाशी म्हणून. अहमदनगरचा मलिक अंबर आठवा. जंजिऱ्याचे सिद्दी आठवा. आणि आपल्या हैदराबादेत तर मासाब टँकच्या अलीकडं एक आख्खा मोहल्लाच आहे, ए.सी. गार्ड्स. पोरांना वाटतं, थंडगार ए.सी. तो आहे आफ्रिकन कॅव्हलरी गार्ड्स, निजामाचं हबशी घोडदळ. आमच्याकडं लग्नाच्या वरातीत जो मरफा वाजतो, ज्यावर बुजुर्ग माणसंही नाचायला लागतात, तो ताल त्यांच्या मोहल्ल्यातूनच सगळ्या शहरात गेला.

"मग बी खिशात घालून आणलं त्यांनी?"

"खिशात काय, पोटातही आणलं असेल. फळ टिकाऊ असतं. कवच लाकडासारखं, आत पांढरा कोरडा भुगा. महिनोन्‌महिने नासत नाही. जहाजावर अशी शिदोरी सोन्याच्या मोलाची."

तेवढ्यात तिला पायाशी काहीतरी सापडलं. तळहाताएवढं फूल, पांढरं होतं ते कडेनं तपकिरी होत चाललेलं, चुरगळलेल्या मलमलीसारखं. आठ-दहा फुलं इकडंतिकडं पडली होती. तिनं नाकाला लावलं आणि झटकन दूर केलं. "शी! कुजलेल्या कोबीसारखा वास येतोय."

"तुला नाही आवडला. ज्याच्यासाठी ठेवलाय, त्याला आवडतो. पण आधी फूल नीट बघ. पाकळ्या किती?"

"पाच."

"आणि मधे?"

मधे एक जाडसर नळी, तिच्या टोकाला शेकडो केसरांचा झुपका. तिनं नळी बोटांत धरली, फिरवून बघितली. "आबा, हे आपल्या जास्वंदीसारखं आहे."

मला कोण आनंद झाला. पस्तीस वर्षं शाळेत जे शिकवलं, त्याचं व्याज वसूल झालं. होय बाई, जास्वंदीसारखंच. पुंकेसरांची अशी नळी दिसली की समजायचं, हे एकाच घराण्याचं. जास्वंद, भेंडी, कापूस, आपली काटेसावर, ज्याच्या बियांपासून चॉकलेट होतं तो कोको, हे सगळे भाऊबंद. आणि या घराण्यातलीच आणखी एक कोण?

ती गप्प.

"काल जिचं पान खाल्लंस ती. अंबाडी. तुझ्या खालच्या आजीची भाजी आणि हे हत्तीएवढं झाड, एकाच कुळातले. अंबाडीचंही माहेर आफ्रिकाच. तिथून ती ब्रह्मदेशात गेली, आंध्रात आली, मराठवाड्यात आली. आता सेंट पॉलला निघाली. आणि या झाडाच्या पानांचीही भाजी होते बरं का. पश्चिम आफ्रिकेत पानं वाळवून, कुटून कालवणात घालतात. भेंडीसारखी बुळबुळीत लागते म्हणे."

"आंबट?"

"पानं नाही. आंबटपणा फळात."

आता त्या वासाची गोष्ट. ही फुलं सकाळी आपल्यासाठी पडलेली असतात, पण ती आपल्यासाठी उमलत नाहीत. लांब देठाला कळी खाली लोंबत असते, नारळाच्या दोरीला लिंबू बांधावं तशी. सूर्य मावळला की ती फुटते, आणि इतक्या झरझर की नजर न हलवता उभं राहिलं तर पाकळ्या मागं वळताना दिसतात. त्या रात्रीपुरतंच ते फूल. सकाळी सुकायला लागतं, मग गळून पडतं. त्या एका रात्रीत त्याला पाहुणा मिळाला पाहिजे. पाहुणा कोण? वटवाघूळ. फळं खाणारी मोठी वटवाघळं. त्यांना रंगाशी देणंघेणं नाही, म्हणून फूल पांढरं. वास मात्र लांबून कळला पाहिजे, म्हणून तो असा दणदणीत. फूल फांदीच्या बाहेर, खाली लोंबतं, म्हणजे पंख पानांत अडकायला नकोत. वाघूळ येतं, फुलाला लटकतं, मधासाठी तोंड घालतं, छातीला पराग माखून घेतं आणि पुढच्या फुलाकडं जातं.

आता विचार कर. हे झाड इथं आलं तेव्हा एकटं होतं. भाषा नाही, नातं नाही, आणि ओळखीची आफ्रिकेतली वाघळं हजारो कोस मागं राहिलेली. पहिल्या वर्षी फुललं असेल तेव्हा त्यानं आपला तोच वास अंधारात सोडला. गोवळकोंड्याच्या वाघळांनी आयुष्यात असला वास घेतलेला नव्हता. पण काटेसावर, मोह, केळी यांची फुलं त्यांनी ओळखलेली होती. एक आलं असेल. मग दुसरं. झाडाला इथं पहिल्यांदा कुणी घरचं मानलं असेल, तर ते सुलतानानं नव्हे. रात्री उलटं लटकणाऱ्या एका प्राण्यानं.

आणि कॅलेंडर! हे मला सगळ्यात नवलाचं वाटतं. दक्षिण आफ्रिकेकडच्या भागात पावसाळा आपल्या हिवाळ्यात. तिकडं बाओबाब ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये फुलतो. आपल्याकडं ते मे ते ऑगस्ट. म्हणजे त्या बाजूच्या बिया जेव्हा इकडं आल्या, तेव्हा त्यांनी सहा महिन्यांची उडी मारली. बापजाद्यांच्या फुलण्याच्या दिवसांत इथं मोकळ्या फांद्या घेऊन उभं राहायचं, आणि आपल्या ज्येष्ठ-आषाढात फुलायचं. अंबाडीला सेंट पॉलमध्ये जे जमलं नाही, ते याला इथं जमलं. याची नजर पावसाच्या हंगामावर असावी, अंबाडीची रात्रीवर. पाऊस कुठंतरी, केव्हातरी पडतोच. आणि मुख्य म्हणजे इथं हिव पडत नाही.

पाऊस यायच्या आधीच हे पालवतं. पाणी कुठून आणतं? खोडातून. हे खोड म्हणजे लाकूड कमी आणि स्पंज जास्त. ओल्या खोडाच्या वजनात तीन-चतुर्थांशाहून जास्त पाणी. पूर्वी वाटायचं, उन्हाळाभर झाड हे पाणी घोट घोट पीत असेल. मादागास्करच्या बाओबाबांवर मापं घेतली तेव्हा कळलं, तसं नाही. उन्हाळाभर पानंच ठेवत नाही, मग तहान कशाला लागेल? साठवलेलं पाणी ते राखून ठेवतं नव्या पालवीसाठी. पेरणीच्या आधी शेतकरी घरातलं बियाणं काढतो, तसं. म्हणजे पहिला पाऊस पडतो तेव्हा पानं तयार असतात, एक दिवस वाया जात नाही.

असल्या लाकडाची ना फळी निघते, ना ते चुलीत धड जळतं. किल्ल्यातली कितीतरी झाडं तोडली गेली असतील. यावर कुणी कुऱ्हाड उचलली असेल, तर दोन घावांत कंटाळला असेल. साल सोलली तरी पुन्हा येते. आफ्रिकेत हत्ती सोलतात, माणसं दोरासाठी सोलतात, झाड नवी साल घालून उभं.

राखणदार आमच्याकडं बघत उभा होता. ओळखीचा. जानेवारीत मी एकटा आलो होतो, तेव्हा खाली पडलेलं एक फळ त्यानंच मला दिलं होतं. आता नातीला म्हणाला, "बेबी, ये झाड अंदर से खाली है. चालीस चोर छुपते थे." नात लगेच पोकळीत शिरायला निघाली. मी अडवलं. आत वाघळं झोपलेली असतील तर त्यांना कशाला त्रास? पण ही चोरांची गोष्ट सगळीकडं आहे. गुजरातीत या झाडाला 'चोर आमली' असंही नाव आहे.

पोकळीचं रहस्य मात्र चोरांपेक्षा भारी. एड्रियन पॅट्रुट नावाच्या रोमानियातल्या रसायनशास्त्रज्ञानं आफ्रिकेतल्या प्रचंड बाओबाबांच्या लाकडाचे बारीक तुकडे घेऊन किरणोत्सारी कार्बनवरून वय काढलं. बाओबाबला सागासारखी भरवशाची वर्षकडी नसते, म्हणून हा उद्योग. त्यात त्याला दिसलं, की हे एकच खोड नसतंच. एकाच मुळावर वर्तुळात अनेक खोडं उगवतात, वाढता वाढता एकमेकांना चिकटतात, आणि मधे रिकामी जागा उरते. म्हणजे कित्येकदा ती पोकळी कुजून झालेली नसते. ती अंगणासारखी असते, चारी बाजूंनी भावांची घरं आणि मधे चौक.

वयाबद्दल एका फ्रेंच माणसाची मोठी गंमत झाली होती. मिशेल अदांसोन त्याचं नाव. 1749 मध्ये तो सेनेगलला गेला, तेव्हा जेमतेम बावीस वर्षांचा. तिथं त्याला बाओबाबच्या सालीत जुन्या खलाशांनी कोरलेली अक्षरं सापडली. त्यांवरून त्यानं हिशेब मांडला आणि सांगितलं, यांतली काही झाडं पाच हजार वर्षांहून जुनी. लोक त्याच्यावर तुटून पडले. पण वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसनं झाडाला त्याचंच नाव दिलं, अदांसोनिया डिजिटाटा. डिजिटाटा म्हणजे बोटं असलेलं, कारण पान असं पाच बोटांच्या पंजासारखं. पुढं कार्बननं निकाल दिला: पाच हजार नाही, पण झिम्बाब्वेतला पांके नावाचा एक बाओबाब सुमारे 2450 वर्षं जगला. बुद्धाच्या काळापासून म्हणा ना.

"जगला? आता नाही?"

नाही. पॅट्रुट आणि त्याच्या सोबत्यांनी 2018 मध्ये लिहिलं, की 2005 पासून आफ्रिकेतल्या 13 सर्वांत वृद्ध बाओबाबांपैकी 9 पूर्ण किंवा अर्धेमुर्धे कोसळले. रोग नाही, कीड नाही. वाढता उष्मा आणि दुष्काळ असावा असा त्यांचा संशय. नात झाडाला हात लावून उभी होती, तिनं हात आणखी सपाट केला.

परतताना रिक्षात तिचा पुढचा प्रश्न. "आबा, झाड सोडून, प्राण्यांत सगळ्यात म्हातारं कोण?"

आता या प्रश्नाला माझ्याकडं घरचं उत्तर होतं. मी दहा वर्षांचा असताना वडिलांबरोबर बागे-आममध्ये जायचो. विधानसभेजवळची ती बाग, तिथं तेव्हा प्राणिसंग्रहालय होतं. त्यात एक महाकाय कासव. मी त्याच्या पाठीवर थाप मारली होती आणि रखवालदारानं माझ्या पाठीवर. 1963 मध्ये मीर आलम तलावाशेजारी नेहरू झूलॉजिकल पार्क उघडलं आणि कासवाला तिकडं हलवलं. मी कॉलेजात होतो. मग माझ्या मुलीला दाखवलं, तुझ्या आईला. मग तुला, तू तीन वर्षांची असताना. तुला आठवत नसेल. मी दहाचा, मी ऐंशीच्या घरातला, आणि ते तेच, मान लांबवून पालक खाणारं. चाणक्य त्याचं नाव. गालापागोस बेटांच्या जातीचं म्हणून नोंदलेलं. 2024 च्या मार्चमध्ये गेलं. पार्कनं वय सांगितलं, 125 वर्षं. त्या दिवशी मी बातमी दोनदा वाचली. माझ्यापेक्षा जुना ओळखीचा आता शहरात कुणी उरला नाही.

"ती इतकी का जगतात?"

गालापागोसच्या एका बेटावर एकटा उरलेला कासव होता, जॉर्ज. त्याच्या उपजातीतला तो शेवटचा. 2012 मध्ये तो गेल्यावर शास्त्रज्ञांनी त्याचा जनुकसंच वाचला. त्यात कर्करोग आवरणाऱ्या आणि पेशीतली मोडतोड दुरुस्त करणाऱ्या काही जनुकांच्या जादा प्रती सापडल्या. कुणाच्या घरात एकच छत्री असते आणि कुणाकडं पाच, तसं. आणि सेंट हेलेनाच्या बेटावर जोनाथन नावाचं कासव आहे. 1882 मध्ये सेशेल्सहून तिथं आणलं, तेव्हाच पुरतं वाढलेलं. तेही पाहुणंच, आणि आता बेटावर त्याच्याइतकं जुनं कुणीच नाही.

नात काही बोलेना. बरंच अंतर गेलो, तेव्हा विचारलं, "मग आफ्रिकेतला बाओबाब तरी आफ्रिकेचाच?"

बाई ग. हा प्रश्न मला मे 2024 पर्यंत कुणी विचारला असता तर मी छातीठोक होकार दिला असता. त्या महिन्यात 'नेचर'मध्ये सगळ्या आठ जातींच्या जनुकांचा अभ्यास आला. आठांपैकी सहा मादागास्करमध्ये, एक आफ्रिकेत, एक ऑस्ट्रेलियात. निष्कर्ष असा, की बाओबाब मादागास्करमध्येच जन्मला, सुमारे 2 कोटी 10 लाख वर्षांपूर्वी. तिथून पुढं बिया समुद्राच्या प्रवाहांवर वाहत आफ्रिकेला लागल्या, ऑस्ट्रेलियालाही लागल्या. म्हणजे आफ्रिकेतही तो पाहुणाच. कुणी खिशात घालून नेलं नाही, एवढाच फरक.

घरी पोचलो तर हिनं अंबाडीची भाजी आणि चिंचेची खट्टी दाल केली होती. नात ताटावर बसल्या बसल्या आजीला शिकवायला लागली. "आजी, अंबाडी आफ्रिकेची आहे. माहीतंय?"

"असू दे. चिंच तरी आपली."

मी खाली बघून भाकरी मोडत होतो. पण नात माझ्याकडंच बघत होती, आणि खोटं बोलायची सोय नव्हती. चिंचेचं झाडसुद्धा आफ्रिकेचं. इतक्या जुन्या काळी आलं, की अरबांना वाटलं हे हिंदुस्थानचंच. त्यांनी नाव ठेवलं 'तमर-हिंदी', हिंदी खजूर. त्यावरून इंग्रजांचं टॅमरिंड, शास्त्रीय नावातही इंडिका. आमच्याच शहरात मूसीच्या काठी, अफजलगंजच्या इस्पितळाच्या आवारात, एक चिंच आहे. 28 सप्टेंबर 1908 च्या महापुरात दीडशेवर माणसं तिच्या फांद्यांवर बसून वाचली.

"म्हणजे या घरात आपलं काय आहे?" हिनं विचारलं.

"मीठ," मी म्हटलं. हिनं आणखी एक भाकरी माझ्या ताटात टाकली. तिच्याकडं हे उत्तर पटल्याची खूण अशीच असते. माझे वडील परभणीहून मीटरगेज गाडीत बसून काचीगुड्याला उतरले, तेव्हा त्यांच्या ट्रंकेत काय होतं मला माहीत नाही. 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि आम्ही इथंच राहिलो. परभणीचे आम्हाला हैदराबादवाले म्हणतात, हैदराबादचे मरहट्टे.

जानेवारीतलं ते फळ मी माळ्यावर ठेवलं होतं. दुपारी ते काढलं. बाहेरून मखमली लव, आत पांढरा भुगा आणि त्यात मुतखड्यासारख्या टणक बिया. भुगा नातीनं चाखला. "आंबट बत्तासा!" तिनं जाहीर केलं. बिया मात्र सरळ पेरून उपयोग नसतो. कवच इतकं कडक, की आफ्रिकेत त्या हत्तीच्या पोटातून जाऊन आल्या तर बऱ्या रुजतात. आमच्याकडं हत्ती नव्हता. सुताराच्या पॉलिशपेपरवर बिया घासल्या, रात्रभर कोमट पाण्यात ठेवल्या आणि तेलाच्या डब्यात पाच लावल्या. पोरगी रोज सकाळी दात घासायच्या आधी डब्याशी.

सतराव्या दिवशी एक उगवलं. आठवड्याभरात पानं धरली. आणि तिचा चेहरा पडला.

"आबा, याला बोटं नाहीत. एकच एक साधं पान आहे. हे दुसरंच काहीतरी आलंय."

हिलाही तसंच वाटलं होतं. तण समजून ती उपटायला निघाली होती, मी हात धरला. लहानपणी बाओबाबचं पान असंच असतं, साधं, एकसंध. पंजा नंतर फुटतो. म्हणून तर आफ्रिकेत लोक म्हणायचे, बाओबाबला बालपणच नसतं, देव ते आकाशातून मोठं करूनच खाली फेकतो, आणि तेही उलटं. पायाशी उगवलेलं पोर कुणी ओळखतच नव्हतं. हे ऐकल्यापासून आता आजीच डब्यावर पहारा देते; कबुतर बसलं तरी ओरडते.

नातीनं फोटो काढला आणि सेंट पॉलला पाठवला, खालच्या आजीच्या नातवाला. खाली लिहिलं, हे झाड तुमच्या चिन-बाउंगचं चुलत भावंड आहे, हजार वर्षं जगतं. तिकडं रात्र होती. पण उत्तर लगेच आलं, म्हणजे खिडकीत दिवा असणार.

तिनं वाचून दाखवलं. "आजी विचारते, पान आंबट आहे का?"

मी म्हटलं, सांग, नाही. पण तिचं माझ्याकडं लक्ष नव्हतं. ती डब्यातल्या त्या दोन पानांकडं बघत होती. मग हळूच स्वयंपाकघराकडं एक नजर टाकली.

"आबा, आजी कुठंय?"